असल आणि तालीक

वतनाच्या किंवा इनामाच्या जुन्या सनदा ज्यांनी चाळल्या असतील, त्यांना त्यांच्या शेवटाकडे येणारे एक कलम परिचयाचे असेल. या पत्राची तालीक, म्हणजे नक्कल, लिहून घेऊन दप्तरी ठेवावी आणि असल पत्र भोगवट्यासाठी ज्याचे त्यास परतून द्यावे, अशा अर्थाची ती आज्ञा असते. ती लिहिणाऱ्या कारकुनास असल आणि तालीक यांतील भेद समजावून सांगण्याचे कारण पडत नसे. वतनाचा कज्जा उभा राहिला की गोतसभेपुढे असल कागद कोणी आणला, तालीक कोणी आणली, आणि तालीक असेल तर ती कोणत्या असलावरून उतरलेली, कोणाच्या हातची आणि कोणाच्या मोर्तबाची, हा तपास निघाल्यावाचून राहत नसे. हा विवेक त्या लोकांना विद्वत्तेने दिलेला नव्हता. जमिनीच्या लोभाने आणि खोट्या कागदांच्या अनुभवाने दिलेला होता. मध्ययुगीन साधनग्रंथ महाजालावर कसे शोधावेत आणि त्यांचा उपयोग कोणत्या सावधगिरीने करावा, हे सांगू पाहणाऱ्या या छोट्या पुस्तकाच्या आरंभी मला त्या कारकुनाचीच आठवण व्हावी, याचे कारण असे की, संगणकाच्या पडद्यावर जे जे उमटते ते सर्व तालीकच असते, मात्र तिच्या माथ्यावर तसा शेरा कोणी मारून ठेवलेला नसतो.

काशीनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७८ साली ‘काव्येतिहास-संग्रह’ हे मासिक सुरू केले, तेव्हा बखरी पोथीच्या फडक्यातून सुटून वाचकांच्या हाती पडू लागल्या. पुढे वीस वर्षांनी, १८९८ मध्ये, विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला आणि पाहता पाहता तिचे बावीस खंड झाले. त्या काळी एखादे खाजगी दप्तर पाहावयाचे म्हणजे काय करावे लागे, याची कल्पना आजच्या विद्यार्थ्यास सहसा येत नाही. दप्तराच्या धन्याची मर्जी संपादावी, तो गावी नसल्यास पुन्हा यावे, माळ्यावरची पेटी खाली उतरवून घ्यावी, वाळवीने जे सोडले असेल त्यावर समाधान मानावे आणि एवढे करून कागद घरी नेऊ देत नाहीत म्हणून ओसरीवर बसून दिवेलागणीपर्यंत नकला कराव्यात, असा तो व्यवसाय होता. पुढे गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या अवधीत पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग प्रसिद्ध केले, त्यामागे सरकारचे पाठबळ असूनही ते काम सुखाचे नव्हते. हे सारे खंड आता रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या उतरवून घेता येतात. ही सोय लहान आहे असे म्हणणारा मनुष्य कृतघ्न होय. परंतु पीडीएफ उतरवून घेतली म्हणजे ग्रंथ वाचला असे मानणारा मनुष्यही अलीकडे पुष्कळ ठिकाणी भेटतो.

हे ग्रंथ जालावर आले कसे, हे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण त्यांचे बहुतेक गुणदोष त्या येण्याच्या रीतीतच आहेत. या शतकाच्या आरंभी ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या उपक्रमाने देशातील ग्रंथालयांमधून लाखो जुनी पुस्तके यंत्राखाली घातली आणि पुढे त्यांचा फार मोठा भाग, १९९६ साली स्थापन झालेल्या ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या अमेरिकन संस्थेच्या भांडारात जाऊन पडला. युरोपात निराळे घडले. पॉल हॅल्सॉल या अध्यापकाने न्यूयॉर्कच्या फोर्डम विद्यापीठातून १९९६ मध्ये युरोपीय मध्ययुगाच्या साधनांचा जो संग्रह जालावर मांडला, त्यात प्रत्येक उतारा विद्यार्थ्यासाठी निवडलेला होता. जर्मनांची ‘मोनुमेंटा’ ही १८१९ पासून चालत आलेली संस्था आपल्या छापील आवृत्त्या स्वतःच जालावर ठेवते. तिकडे ग्रंथाबरोबर संपादकही जालावर गेला. आपल्याकडे ग्रंथ गेला आणि संपादक घरी राहिला. याला अपवाद आहेत: महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने विनामूल्य खुली केली आहेत, राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मिळ ग्रंथ व नियतकालिके पुढे आणली आहेत आणि राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या दालनात अव्वल कागदांची चित्रेही पाहावयास मिळतात. (मध्ययुग हा शब्द मी येथे आपल्याकडील ढिलाईने वापरीत आहे. युरोपीय पंडित पंधराव्या शतकाशी दप्तर गुंडाळतात. आपण यादवांपासून निघतो ते पेशवाईपर्यंत सुखाने चालत राहतो, आणि या पुस्तकापुरते ते चालण्यासारखे आहे.)

आता शोधण्याविषयी. जालावरील भांडाराला दार आहे, परंतु पाटी नाही, असे म्हणावेसे वाटते. मराठी ग्रंथांची नावे रोमन लिपीत नोंदविण्याचे काम ज्यांनी केले, त्यांपैकी अनेकांना मराठी येत नसावे. त्यामुळे ‘मराठ्यांच्या’ या एका शब्दाची कुठे ‘ठ’मधला हकार गळून, कुठे अनुस्वाराचा ‘न’ होऊन, तर कुठे ‘च’ला आणखी एक ‘च’ जोडून, अशी नाना रूपे झालेली आढळतात, आणि एकाच मालेचे खंड एकमेकांस ओळख न देता निरनिराळ्या कोपऱ्यांत पडलेले असतात. अशा वेळी ग्रंथनामाचा हट्ट सोडावा. संपादकाचे आडनाव, छापखान्याचे गाव, प्रकाशनाचे साल, यांपैकी जे लहान व चुकण्यास कठीण असेल ते घालून पाहावे. एक खंड सापडला की तो ज्याने चढविला त्याचे सारे कपाट पाहावे. आणि जुन्या पुस्तकांच्या मलपृष्ठावरील जाहिराती तर अवश्य वाचाव्यात, कारण जे पुस्तक कोणत्याच यादीत नाही त्याचा पत्ता पुष्कळदा तेथेच लागतो. आणखी एक बारीक गोष्ट: या भांडारातील असंख्य ग्रंथांच्या ओळखक्रमांकात २०१५ हा आकडा येतो, तो ग्रंथाचा सन नव्हे. एका प्रबंधाच्या तळटीपेत मी राजवाड्यांचा खंड २०१५ सालचा म्हणून नोंदविलेला पाहिला आहे.

परंतु ग्रंथ मिळणे निराळे आणि ग्रंथात आपले माणूस किंवा आपले गाव मिळणे निराळे. एकट्या चौलाचे उदाहरण घ्या. रेवदंड्याशेजारच्या या बंदराचा शोध आजच्या नावाने करू जाल, तर हाती पोर्तुगीज आणि इंग्रज काळातील कागद भरपूर लागतील आणि त्यापूर्वी तेथे समुद्रच होता की काय, असा संशय येईल. शिलाहारांच्या ताम्रपटांत ते गाव चेमूल्य या नावाने नांदते. अरबांच्या ग्रंथांत ते सैमूर होते, आणि हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सनाच्या ९१६ च्या आसपास, तेथे येऊन गेलेला अल् मसूदी त्या गावी सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती असल्याचे लिहून ठेवतो. त्याचा अरबी ग्रंथ फ्रेंच भाषांतरासह पॅरिसला एकोणिसाव्या शतकात छापला गेला आणि आज तो कोणासही पाहता येतो. १४६९ च्या सुमारास घोडा विकण्यासाठी समुद्र ओलांडून आलेला रशियन व्यापारी अफानासी निकितीन याच बंदरात उतरला, आणि त्याच्या वृत्तांताच्या इंग्रजी तर्जुम्यात, जो हॅक्लूट सोसायटीने १८५७ साली काढला, चौलाचे चिविल झालेले आहे. तेथून जुन्नरास जाऊन पावसाळ्याचे दोन महिने त्याने चिखलात काढले, हे वाचताना जुन्नरचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला त्या परदेशी सौदागराविषयी सहानुभूती वाटल्यावाचून राहत नाही. तात्पर्य एवढेच की, शोधयंत्र केवळ अक्षरे ओळखते. चेमूल्य, सैमूर आणि चिविल ही एकाच गावची नावे होत, हे शोधणाऱ्याने आधी जाणले पाहिजे, आणि ते ज्ञान जुन्या गॅझेटियरच्या व शिलालेखांच्या पुस्तकांतील नामसूचींखेरीज दुसरीकडे मिळणे कठीण. शंकर गोपाळ तुळपुळे यांचा १९६३ सालचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा ग्रंथ या दृष्टीने नुसत्या सूचीसाठी जरी उघडला तरी श्रम वाया जात नाहीत.

शब्दांच्या बाबतीत मात्र जालाने विद्यार्थ्याला खरोखरच श्रीमंत केले आहे. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहात मोल्सवर्थ आहे, दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आहे, तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश आहे, आणि फारसीसाठी स्टाइनगास आहे. जे चार कोश एका टेबलावर मांडण्यासाठी पूर्वी मोठे ग्रंथालय लागे ते एका खिडकीत शेजारी शेजारी उघडता येतात, आणि ‘मखलाशी’ किंवा ‘बितपशील’ असा एखादा शब्द फारसी दरबारातून मराठी दप्तरात येताना अर्थाने कसा वळला, हे पाच मिनिटांत पाहता येते. पूर्वी या पाच मिनिटांसाठी पुण्याचा एक हेलपाटा पडे.

उपयोगाचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. पडद्यावरील एका ओळीच्या आणि ती प्रथम ज्याने लिहिली त्याच्यामध्ये किती हात उभे आहेत, हे मोजण्याची सवय लावून घ्यावी. समजा, सतराव्या शतकातील एक मोडी पत्र आहे. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, शब्द तोडून लिहिण्याची चाल नाही, आणि लेखणी न उचलता घाईने लिहिलेल्या ओळीत दोन अक्षरे एकमेकांची सोंगे घेतात. ते पत्र वतनदाराने नक्कल करून ठेवले असेल, त्या नकलेवरून संपादकाने किंवा त्याच्या लेखकूने बाळबोधीत उतरविले असेल, जुळाऱ्याने खिळे जुळविले असतील, यंत्राने त्या छापील पानाचे चित्र घेतले असेल आणि त्या चित्रावरून दुसऱ्या यंत्राने अक्षरे ओळखून शोधण्याजोगा मजकूर तयार केला असेल. यांतील प्रत्येक जण प्रामाणिक असूनही प्रत्येकाने थोडे काही तरी घातलेले किंवा गाळलेले असते. शेवटच्या यंत्राची देवनागरी तर अजून पहिल्या इयत्तेत आहे. जोडाक्षर दिसले की ती गांगरते, म्हणून शोधयंत्राने नाही म्हटले तर ग्रंथात तो शब्द नाही असे समजू नये. शिक्के आणि मोर्तबाच्या खुणा छापताना अनेकदा गळतात किंवा कंसातल्या एका शब्दावर भागतात, आणि कागद खरा की बनावट हे ठरविताना नेमक्या त्याच खुणा हव्या असतात.

काही ग्रंथांच्या बाबतीत असल ही वस्तूच उरलेली नाही. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा शके १२०० च्या सुमारास ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांना विचारून विचारून जमविल्या, हे आपल्या वाङ्मयातील पहिले संशोधन म्हणावयास हरकत नाही. परंतु महानुभाव पंथाची परंपरा सांगते की मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली आणि पुढे शिष्यांनी आपापल्या स्मरणातून ती पुन्हा उभी केली. त्यामुळे पाठ अनेक झाले, आणि ते सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांमागे शतकानुशतके झाकून राहिले. हरि नारायण नेने यांनी गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात नागपुराहून काढलेले ‘लीळाचरित्र’ आणि विष्णु भिकाजी कोलते यांनी १९७८ साली संपादिलेले ‘लीळाचरित्र’ ही दोन्ही नावाने एक असली, तरी त्यांतील लीळांचा क्रम, संख्या आणि शब्द एक नाहीत. जालावर कोणी एखादी लीळा नुसत्या ग्रंथनामाने उद्धृत केली की कोणती आवृत्ती, कोणता पाठ, असे विचारणे हे पांडित्याचे प्रदर्शन समजले जाते. पण तो प्रश्न विचारल्याशिवाय पुढे बोलता येत नाही. ज्ञानेश्वरीची गोष्टही फार वेगळी नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये तिचे पाठ शुद्ध केले, याचाच अर्थ त्यांच्या वेळी, म्हणजे रचनेला तीनशे वर्षे होण्यापूर्वीच, पाठ बिघडलेले होते.

फारसी साधनांकडे वळावे तर तेथे भाषांतर आडवे येते. ज्यांना फारसी येत नाही, आणि आपल्यांपैकी बहुतेकांना ती येत नाही, ते इलियट आणि डाउसन यांच्या आठ खंडांवर विसंबतात, कारण १८६७ ते १८७७ या काळात निघालेले ते खंड जालावर सर्वत्र उपलब्ध आहेत. हे खंड उताऱ्यांचे आहेत. कोणते उतारे घ्यावयाचे हे इलियटने ठरविले, आणि मुसलमानी अमलाशी तुलना करून इंग्रजी राज्याचे उपकार प्रजेला कळावेत हा आपला हेतू त्याने लपवूनही ठेवलेला नाही. लढाया, कत्तली आणि दरबारातील व्यसने पुढे आली. महसूल, पाटबंधारे, काव्य व पत्रव्यवहार मागे राहिले. शापूरशाह होरमसजी होडीवाला यांनी १९३९ साली या खंडांतील चुकांची पानोपान चिकित्सा छापली. तेही पुस्तक जालावर आहे, परंतु इलियटचा उतारा शंभर ठिकाणी फिरतो आणि होडीवालांची दुरुस्ती जागची हलत नाही. दख्खनच्या बाबतीत फिरिश्ता अधिक कामाचा. विजापुरास इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने लिहिलेल्या त्याच्या ग्रंथाचे ब्रिग्जने केलेले चार खंडांचे इंग्रजी भाषांतर १८२९ चे आहे, आणि त्याच ब्रिग्जने मूळ फारसी मजकूरही मुंबईस शिळाछापावर काढविला. तेव्हा एखाद्या वाक्यावर मोठे अनुमान उभारावयाचे असल्यास ते वाक्य फारसीत शोधून, फारसी जाणणाऱ्या स्नेह्यापुढे ठेवणे अशक्य नाही. गोमंतकीय वाचकांस पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पोर्तुगीज कागदांवर घेतलेले श्रम ठाऊक असतीलच. मराठी बखर, इंग्रज वखारीचे पत्र आणि गोव्याच्या कौन्सिलाचा ठराव एकाच घटनेविषयी तीन तऱ्हांनी बोलू लागतात, तेव्हा कोठे इतिहासाला तोंड फुटते.

पण हे तिघे एकाच दिवसाविषयी बोलत आहेत, हे आधी ठरले पाहिजे, आणि येथे नवशिका हमखास फसतो. शके आकड्यात ७८ मिळवावेत हे सर्वांस पाठ असते. शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते, त्यामुळे पौषापासून पुढे, इंग्रजी वर्ष पालटल्यावर, ७९ मिळवावे लागतात, हे विसरले जाते. शिवजन्माचा वाद मराठी वाचकांस नवा नाही. बखरींनी शके १५४९ मधील वैशाखाची तिथी दिली होती. कारीच्या जेध्यांकडून लोकमान्य टिळकांच्या हाती आलेल्या शकावलीने शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी पुढे आणली, आणि तंजावरास सापडलेल्या परमानंदाच्या ‘शिवभारता’ने, जे सदाशिव महादेव दिवेकर यांनी १९२७ साली छापले, तिला दुजोरा दिला. त्या तिथीचा दिवस १९ फेब्रुवारी १६३० येतो तो जुलियन पंचांगाने. पोपने १५८२ मध्ये सुधारलेल्या पंचांगाने तोच दिवस १ मार्च होतो. सतराव्या शतकातील इंग्रज जुने पंचांग चालवीत आणि पोर्तुगीज नवे, म्हणून रायगडावरील राज्याभिषेक इंग्रज वकील ऑक्झिंडेनच्या हिशेबी ६ जून १६७४ चा, तर त्याच दिवशी गोव्यात कोणी काही लिहिले असेल तर ते १६ जूनचे. दहा दिवसांचे हे अंतर ध्यानात न घेतल्यामुळे उत्तर आधी आणि पत्र मागून, असा चमत्कार घडविणारे लेख मी वाचले आहेत.

त्यातच सुहूर सन आहे. दप्तरात तो आकड्यांनी न लिहिता अरबी संख्यावाचकांनी लिहीत, एककापासून सुरुवात करून: सबा सबैन अलफ म्हणजे सात, सत्तर, हजार, अर्थात १०७७. हा सन मृगाला पालटतो. म्हणून जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून मेपर्यंत ६०० मिळवावेत, आणि मग १०७७ हे १६७६-७७ होते. ‘छ’ हे एकटे अक्षर दिसले की पुढे मुसलमानी महिन्याचा चंद्र आला असे समजावे. स्वामिकन्नु पिळ्ळै यांनी १९२२ साली मद्रासेस काढलेली इसवी सन ७०० ते १७९९ पर्यंतची मोठी पंचांगमाला जालावर आहे. जपानातील मिचिओ यानो यांनी सूर्यसिद्धान्तावरून रचलेले पंचांगाचे गणितयंत्रही आहे. दोन्हींतून वार काढून पाहावा. कागदातला वार आणि गणितातला वार जुळला नाही, तर एक तर कागद तपासावा किंवा आपली बेरीज. माझ्या अनुभवात दहांपैकी सात वेळा बेरीज चुकलेली निघते.

जालावर जे नाही त्याची यादी देणे हे या पुस्तकाचे काम नव्हे, आणि ती देऊ म्हटले तरी संपणार नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमाल बांधलेले आहेत, त्यांतला छापला गेला तो अंश, आणि छापला गेला त्यातला जालावर आला तो त्याचाही अंश. देवळांच्या पुजाऱ्यांकडे, मठांत, दर्ग्यांच्या मुजावरांकडे जे आहे ते वेगळेच. पडद्यावर सापडले तेवढेच जगात होते, अशी समजूत करून लिहिलेल्या इतिहासात शहरे फार आणि खेडी थोडी, राजे फार आणि कुळे थोडी दिसू लागतात, व तो दोष भूतकाळाचा नसून कोणती पेटी प्रथम माळ्यावरून खाली उतरली एवढ्याचाच असतो.

हे पुस्तक लिहिले जात असताना मला स्वतःला एका घराण्याच्या कागदपत्रांच्या छापील खंडाची गरज पडली. खंड जालावर मिळाला. त्यात घडी घालून बसविलेली मोठी वंशावळ होती, आणि यंत्रावर बसलेल्या मनुष्याने ती न उलगडता तशीच टिपली होती, त्यामुळे चार पिढ्या दिसत आणि पाचवी घडीत गडप होई. अखेर एका ग्रंथालयात जाऊन, अर्ज भरून, खंड काढवून घेतला आणि ती घडी जपून उलगडली. मला हवे असलेले नाव नेमके घडीच्या रेघेवर आले होते व तेवढी जागा कसरीने खाल्ली होती. निराश होऊन खंड मिटताना शेवटी शुद्धिपत्र दिसले. वंशावळीतील ते नाव छापताना चुकले होते म्हणून तेथे दुरुस्त करून पुन्हा दिलेले होते. घरी येऊन पीडीएफची पाने मोजली. शुद्धिपत्राची दोन पाने तेवढी कमी भरली.